विद्वत्प्रकाशनांच्या मेटाडेटामध्ये लेखकांच्या सर्वनामांची नोंद : गरज, मर्यादा आणि मराठीचा संदर्भ

गोषवारा

शोधनिबंधासोबत लेखकाचे नाव, संस्था आणि ओळखक्रमांक यांची यंत्रवाचनीय नोंद ठेवण्याची पद्धत आता सर्वत्र रूढ झाली आहे. लेखकांचा उल्लेख कोणत्या सर्वनामाने करावा हेही त्या नोंदीत असावे काय, असा प्रश्न अलीकडच्या काळात पुढे आला आहे. प्रस्तुत लेखात या प्रश्नाची पार्श्वभूमी, ग्रंथालयीन तालिकीकरणातील लिंगनोंदीचा अनुभव, नावबदलाविषयीची प्रकाशकांची धोरणे आणि तांत्रिक रचनेचे पर्याय यांचा परामर्श घेतला आहे. मराठीसारख्या त्रिलिंगी भाषेत केवळ सर्वनामाची नोंद अपुरी कशी ठरते आणि आदरार्थी अनेकवचन या बाबतीत कितपत उपयोगी पडते, याचेही विवेचन केले आहे. अशी नोंद ऐच्छिक, भाषानिहाय आणि लेखकाच्या स्वतःच्या ताब्यात असावी, या निष्कर्षाप्रत हा लेख येतो.

बीजसंज्ञा : मेटाडेटा, पुरुषवाचक सर्वनाम, व्याकरणिक लिंग, ऑर्किड, तालिकीकरण, खासगीपणा.

१. प्रस्तावना

पूर्वसूरींच्या लेखनाचा हवाला दिल्याशिवाय कोणतेही संशोधन पुढे जात नाही. हवाला देताना अभ्यासकासमोर बहुधा केवळ एक छापील नाव असते, उदाहरणार्थ ‘एस. आर. पाटील’. या आद्याक्षरांवरून व्यक्ती स्त्री आहे की पुरुष आहे, की या दोन्ही चौकटींत न बसणारी आहे, हे कळण्यास मार्ग नाही. इंग्रजीत लिहिणारा अभ्यासक पुढच्याच वाक्यात ‘ही’ किंवा ‘शी’ लिहितो. मराठीत लिहिणारा ‘पाटील म्हणाले’ किंवा ‘पाटील म्हणाल्या’ यांपैकी एकाची निवड करतो. ही निवड अनेकदा अंदाजाने होते आणि अंदाज चुकला तर चूक छापली जाते. पुढचे अभ्यासक तीच चूक उचलतात.

ही चूक किरकोळ वाटण्याचा संभव आहे. तथापि ज्या व्यक्तीविषयी ती होते तिच्या दृष्टीने प्रश्न स्वतःच्या कामावरील स्वतःच्या ओळखीचा असतो. अनोळखी संशोधक हा पुरुषच असणार, असे गृहीत धरण्याची सवय विद्याजगतात दीर्घकाळ राहिली आहे. तिच्यामुळे अनेक स्त्रियांचे काम वाचकांच्या मनात पुरुषांच्या खात्यावर जमा झाले. ज्या व्यक्तींनी आपली लिंगओळख बदलून जाहीर केली आहे, त्यांच्या बाबतीत तर चुकीचा उल्लेख अवमानकारक आणि प्रसंगी धोकादायकही ठरू शकतो. त्यामुळे लेखकांना विचारून त्यांची सर्वनामे नोंदवावीत, असा विचार पुढे येणे स्वाभाविक होते. परंतु एखादी माहिती उपयुक्त आहे एवढ्यावरून ती कायमस्वरूपी, सार्वजनिक नोंदीत जावी असे ठरत नाही. या दोन विधानांमधील अंतर हाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

२. संज्ञांचे स्पष्टीकरण

*मेटाडेटा* म्हणजे माहितीविषयीची माहिती. शोधनिबंध ही मूळ माहिती होय. त्याचे शीर्षक, लेखक, नियतकालिक, खंड, पृष्ठे, प्रकाशनवर्ष आणि ओळखक्रमांक हा त्याचा मेटाडेटा होय. जुन्या ग्रंथालयातील तालिकापत्र हे त्याचेच कागदी रूप होते. फरक असा की, तालिकापत्र एका खणात राहत असे. आजचा मेटाडेटा मात्र क्षणार्धात असंख्य संगणकांवर उतरवला जातो.

*पुरुषवाचक सर्वनाम* ही संज्ञा मराठी व्याकरणात प्रथम, द्वितीय आणि तृतीय पुरुषाच्या सर्वनामांसाठी वापरली जाते. येथील ‘पुरुष’ हा व्याकरणातील पुरुष होय. त्याचा नरजातीशी संबंध नाही. लिंगाचा प्रश्न प्रामुख्याने तृतीय पुरुषी सर्वनामांत, म्हणजे तो, ती, ते यांत उद्भवतो.

*व्याकरणिक लिंग* आणि *व्यक्तीची लिंगओळख* या दोन भिन्न गोष्टी आहेत. ‘व्यक्ती’ हा मराठी शब्द स्त्रीलिंगी आहे. म्हणून पुरुषाविषयी बोलतानाही ‘ती व्यक्ती’ असेच म्हटले जाते. सर्वनाम हे भाषेतील रूप आहे आणि लिंगओळख ही व्यक्तीविषयीची वस्तुस्थिती आहे. पुढील संपूर्ण विवेचनात हा भेद लक्षात ठेवणे आवश्यक आहे.

३. लेखाची उद्दिष्टे

१) विद्वत्प्रकाशनांच्या मेटाडेटामध्ये लेखकाविषयी कोणती माहिती नोंदवली जात आली आहे हे पाहणे.
२) सर्वनामांच्या नोंदीमागील गरज आणि तिच्यातील धोके स्पष्ट करणे.
३) अशा नोंदीची तांत्रिक रचना कशी असावी याचा विचार करणे.
४) मराठी लेखन व मराठी नियतकालिके यांच्या दृष्टीने व्यवहार्य सूचना करणे.

लेखासाठी वर्णनात्मक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे.

४. मेटाडेटामधील ‘लेखक’ : एक आढावा

१९९५ मध्ये अमेरिकेतील ओहायो राज्यात डब्लिन येथे झालेल्या कार्यशाळेतून ‘डब्लिन कोर’ हा घटकसंच पुढे आला. त्यातील १५ घटकांपैकी ‘कर्ता’ या घटकात केवळ नाव लिहिणे अभिप्रेत होते. २००० मध्ये स्थापन झालेल्या ‘क्रॉसरेफ’ या संस्थेने प्रकाशकांकडून डीओआय या ओळखक्रमांकासह लेखांचा मेटाडेटा जमा करण्यास प्रारंभ केला. लेखाच्या पूर्ण मजकुराला यंत्रवाचनीय रूप देण्यासाठी अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाने २००३ मध्ये एक रचना प्रसिद्ध केली. तिच्यातूनच ‘जॅट्स’ हे मानक विकसित झाले आणि २०१२ मध्ये त्याला अमेरिकेच्या राष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला.

या रचनांमध्ये लेखकाविषयीचे रकाने हळूहळू वाढत गेले. प्रथम आडनाव व नाव वेगळे झाले. नंतर संस्था आली. ‘जॅट्स’मध्ये एकाच व्यक्तीचे नाव दोन लिप्यांत, उदाहरणार्थ देवनागरी व रोमन लिपीत, नोंदवण्याची सोय झाली. योगदानाचे स्वरूप सांगणारी ‘क्रेडिट’ ही १४ भूमिकांची वर्गवारी २०२२ मध्ये मानक म्हणून मान्य झाली. संकल्पना कोणाची, विदासंकलन कोणाचे, पहिला खर्डा कोणाचा, हे तिच्यामुळे नोंदवता येते.

या वाटचालीतील सर्वांत महत्त्वाचा टप्पा म्हणजे ऑक्टोबर २०१२ मध्ये सुरू झालेली ‘ऑर्किड’ ही सेवा. नावांच्या सारखेपणातून निर्माण होणारा गोंधळ दूर करणे हा तिचा हेतू होता. ‘एस. पाटील’ किंवा ‘ए. जाधव’ या नावाने लिहिणाऱ्या असंख्य व्यक्ती असू शकतात. ऑर्किड प्रत्येक संशोधकाला १६ स्थानांचा स्वतंत्र क्रमांक देते. त्यामुळे नाव बदलले, संस्था बदलली, तरी व्यक्तीचे काम एका ठिकाणी राहते. येथे दोन वैशिष्ट्ये लक्षणीय आहेत. पहिले, हा क्रमांक प्रकाशक काढत नाही, तर व्यक्ती स्वतः काढते आणि नोंदीतील कोणती माहिती सर्वांना दिसावी, कोणती विश्वासातील संस्थांनाच दिसावी व कोणती केवळ स्वतःला दिसावी, हेही तीच ठरवते. दुसरे, नोंदणी करताना व्यक्तीचे लिंग विचारले जात नाही. ओळख निश्चित करण्यासाठी लिंगाची माहिती आवश्यक नाही, हे त्यातून स्पष्ट होते.

अर्थात, सर्वनामाचा रकाना मागितला जातो तो ओळख पटवण्यासाठी नव्हे. ओळख पटल्यानंतर त्या व्यक्तीविषयी योग्य भाषेत बोलता यावे, यासाठी तो मागितला जातो. त्याचे समर्थन वा खंडन याच निकषावर व्हावयास हवे.

५. नोंदीची गरज

इंग्रजी गद्यात सर्वनामाचा वापर टाळणे कठीण असते. तेथे एकवचनी ‘दे’ या सर्वनामाला अलीकडे औपचारिक मान्यता मिळत गेली. मेरियम-वेबस्टर शब्दकोशाने सप्टेंबर २०१९ मध्ये या शब्दाचा नवा अर्थ नोंदवला आणि त्या वर्षाचा शब्द म्हणूनही त्याची निवड केली. अमेरिकन मानसशास्त्र संघटनेच्या लेखनशैली पुस्तिकेच्या २०१९ मधील सातव्या आवृत्तीने विद्वत्लेखनात त्याचा वापर ग्राह्य ठरवला. स्वीडिश अकादमीच्या शब्दसूचीत ‘हेन’ हे लिंगनिरपेक्ष सर्वनाम २०१५ मध्ये समाविष्ट झाले. फिनिश, तुर्की आणि फारसी या भाषांत तृतीय पुरुषी एकवचनी सर्वनाम मुळातच लिंगभेद करीत नाही.

नावावरून लिंगाचा अंदाज बांधणे किती अविश्वसनीय आहे, हे भारतीय वाचकास वेगळे सांगावयास नको. ‘किरण’ हे नाव मराठीत स्त्रीचेही असते आणि पुरुषाचेही. ‘ज्योती’ हे नाव मराठी वाचकास स्त्रीचे वाटते; पण १९७७ ते २००० या काळात पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री असलेले ज्योती बसू हे पुरुष होते. एका प्रांताचा अभ्यासक दुसऱ्या प्रांतातील लेखकाचा हवाला देतो तेव्हा अशा चुका सहज होतात. देशाबाहेर त्या आणखी वाढतात.

यात आता यांत्रिक भाषांतराची भर पडली आहे. मूळ मजकुरात लिंग सूचित नसेल आणि लक्ष्यभाषेत ते अनिवार्य असेल, तर यंत्र आपल्या साठ्यातील बहुसंख्य उदाहरणांनुसार निवड करते. परिणामी वैद्य पुरुष व परिचारिका स्त्री, अशा रूढ समजुती भाषांतरात उतरतात. ‘गूगल ट्रान्सलेट’ने डिसेंबर २०१८ मध्ये तुर्कीतून इंग्रजीत येणाऱ्या काही वाक्यांसाठी स्त्रीलिंगी व पुल्लिंगी असे दोन्ही पर्याय दाखवण्यास आरंभ केला, तो याच कारणाने. इंग्रजी शोधनिबंधाचा परिचय मराठीत यंत्राद्वारे करून घेणाऱ्या वाचकासमोर लेखिका ‘म्हणाले’ या क्रियापदासह येते. तेथे विश्वसनीय नोंद उपलब्ध असती तर चूक टळली असती, हा नोंदीच्या बाजूचा सबळ युक्तिवाद आहे.

६. तालिकीकरणातील लिंगनोंदीचा अनुभव

अशा नोंदीचे पुढे काय होते, याचा धडा ग्रंथालयशास्त्राने नुकताच घेतला आहे. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘आरडीए’ या तालिकीकरण नियमावलीत व्यक्तीच्या प्राधिकृत नोंदीत लिंग नोंदवण्याचा नियम होता. त्यासाठी पुरुष, स्त्री आणि अज्ञात असे तीनच पर्याय दिले होते. ‘मार्क’ या यंत्रवाचनीय स्वरूपात त्यासाठी ३७५ क्रमांकाचे क्षेत्र राखले होते. तालिकाकार ग्रंथाच्या मलपृष्ठावरील परिचय, छायाचित्र, नाव किंवा सर्वनाम पाहून हे क्षेत्र भरत असत. संबंधित लेखकास विचारले जात नसे.

२०१४ मध्ये या नियमाची सविस्तर चिकित्सा व्यावसायिक नियतकालिकात प्रसिद्ध झाली. लिंग ही स्थिर, द्विविध आणि बाहेरून ओळखता येणारी बाब आहे, असे गृहीत धरल्याचा आक्षेप तीत होता. ‘प्रोग्रॅम फॉर कोऑपरेटिव्ह कॅटलॉगिंग’ या सहकारी उपक्रमाने नेमलेल्या कार्यगटाने २०१६ मध्ये सावधगिरीची मार्गदर्शक तत्त्वे दिली. तरीही प्रश्न मिटला नाही. अखेरीस २०२२ च्या सुधारित अहवालात, व्यक्तींच्या प्राधिकृत नोंदीत लिंग नोंदवूच नये आणि आधी नोंदवलेले काढून टाकावे, अशी शिफारस करण्यात आली.

या अनुभवातून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, रिकामा रकाना दिसला की तो भरण्याकडे कल होतो आणि माहिती नसेल तेथे अंदाज वापरला जातो. दुसरी, नोंद करणारा आणि जिच्याविषयी नोंद होते ती व्यक्ती वेगळी असेल तर दुरुस्तीचा मार्ग लांबतो. तिसरी, एकदा पसरलेली माहिती मागे घेणे हे ती नोंदवण्यापेक्षा कितीतरी अवघड असते. सर्वनामाचा रकाना जर प्रकाशकाने किंवा संपादकीय कार्यालयाने भरावयाचा असेल, तर हाच इतिहास पुन्हा घडेल.

७. नावबदलाची धोरणे आणि बदलत्या ओळखीचा प्रश्न

दुसरा अनुभव नावबदलाचा आहे. छापील परंपरेत प्रसिद्ध झालेला लेख अपरिवर्तनीय मानला जाई आणि दुरुस्ती करावयाची तर शुद्धिपत्र छापले जाई. लिंगओळख बदललेल्या लेखकाच्या बाबतीत असे शुद्धिपत्र म्हणजे जी गोष्ट खासगी ठेवावयाची तिचीच जाहीर घोषणा ठरते. ‘असोसिएशन फॉर कॉम्प्युटिंग मशिनरी’ या संघटनेने २०१९ मध्ये आधी प्रसिद्ध झालेल्या लेखांवरही नाव बदलून देण्याचे धोरण स्वीकारले. त्यानंतरच्या दोन वर्षांत अनेक मोठ्या प्रकाशकांनी तशीच धोरणे जाहीर केली. जुलै २०२१ मध्ये अमेरिकेच्या ऊर्जा विभागाच्या १७ राष्ट्रीय प्रयोगशाळांनी प्रकाशकांच्या सहकार्याने आपल्या संशोधकांसाठी अशी व्यवस्था उभी केली. या धोरणांत शुद्धिपत्र न काढता आणि सहलेखकांना कळवण्याची सक्ती न करता बदल करण्यावर भर दिसतो.

आपल्याकडेही हा प्रश्न परका नाही. विवाहानंतर नाव व आडनाव बदलण्याच्या प्रथेमुळे एकाच अभ्यासक स्त्रीचे लेखन दोन नावांखाली विभागले जाते. नावातील मधले आद्याक्षर आधी पित्याचे असते व नंतर पतीचे होते. महाराष्ट्र शासनाने मार्च २०२४ मध्ये घेतलेल्या निर्णयानुसार १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बालकांच्या शासकीय नोंदीत स्वतःच्या नावानंतर आईचे नाव येते. नावाची रचना ही सामाजिक व्यवस्था असून ती बदलत असते, याचे हे जवळचे उदाहरण होय.

सर्वनामांच्या नोंदीवर याचा थेट परिणाम होतो. समजा, एखाद्या लेखकाच्या २०१५ च्या लेखाच्या मेटाडेटात एक सर्वनाम आहे आणि २०२५ च्या लेखात दुसरे आहे. दोन्ही नोंदी एकाच ऑर्किड क्रमांकाला जोडलेल्या आहेत. अशा वेळी केवळ दोन रकान्यांची तुलना करून त्या व्यक्तीच्या आयुष्यातील अत्यंत खासगी घटना कोणासही कळू शकते. क्रॉसरेफकडील मेटाडेटा सर्वांना मुक्तपणे उपलब्ध असतो आणि त्याच्या प्रती जगभरच्या निर्देशसूची व शोधयंत्रे बाळगतात. मूळ नोंद दुरुस्त केली तरी जुन्या प्रतींत आधीची नोंद शिल्लक राहते. म्हणजेच जी व्यवस्था व्यक्तीचा सन्मान राखण्यासाठी उभारली, तीच तिला उघडे पाडू शकते.

सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण विरुद्ध भारत सरकार या खटल्यात १५ एप्रिल २०१४ रोजी स्वतःची लिंगओळख स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य केला. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांच्या पीठाने पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे घोषित केले. हे दोन्ही निर्णय एकत्र वाचले म्हणजे प्रश्नाच्या दोन्ही बाजू स्पष्ट होतात. आपली ओळख सांगण्याचा हक्क व्यक्तीला आहे आणि ती न सांगण्याचाही आहे.

८. तांत्रिक रचनेचे पर्याय

नोंद ठेवावयाचीच असेल तर ती कोणत्या स्वरूपात ठेवावी? येथे तीन प्रश्न आहेत.

*अ) बंदिस्त यादी की मुक्त मजकूर?* मनुष्याचे लिंग दर्शवण्यासाठी आयएसओ ५२१८ हे मानक चार संकेतांक देते : ० अज्ञात, १ पुरुष, २ स्त्री आणि ९ लागू नाही. यंत्राला असे संकेतांक सोयीचे असतात. परंतु सर्वनामे हे भाषेतील शब्द आहेत व त्यांची संख्या भाषेनुसार बदलते. जगातील सर्व भाषांना पुरेल अशी बंदिस्त यादी करता येणार नाही. मुक्त मजकूर स्वीकारला तर यंत्राला त्याचा अर्थ लागत नाही. म्हणून सुचवलेल्या पर्यायांसह मुक्त मजकुराची मुभा हा मध्यम मार्ग योग्य ठरतो.

*आ) भाषेची जोड.* संपर्काच्या नोंदींसाठी वापरल्या जाणाऱ्या ‘व्हीकार्ड’ या स्वरूपात २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आरएफसी ९५५४ या दस्तऐवजाने दोन नवे गुणधर्म आणले. एक सर्वनामांचा आणि दुसरा व्याकरणिक लिंगाचा. दोहोंना भाषेचा निर्देश जोडता येतो आणि व्यक्तीचे लिंग सांगणारा गुणधर्म त्यांहून वेगळा ठेवला आहे. या रचनेमागील विचार मोलाचा आहे. ‘माझ्याविषयी इंग्रजीत असे बोला व फ्रेंचमध्ये तसे बोला’ असे व्यक्तीला सांगता येते आणि त्यासाठी आपले लिंग जाहीर करावे लागत नाही. विद्वत्प्रकाशनांच्या मानकांना हा उत्तम नमुना आहे.

*इ) साठवण कोठे?* माहिती लेखाच्या नोंदीत ठेवणे व व्यक्तीच्या नोंदीत ठेवणे यांत मूलभूत फरक आहे. लेखाची नोंद ही प्रकाशनाच्या दिवसाचे चित्र असते व ती गोठते. व्यक्तीची नोंद चालू असते. ज्याला आवश्यकता आहे त्याने त्या क्षणी व्यक्तीच्या नोंदीत पाहावे, अशी रचना केली तर प्रत्येक वाचकास आजची माहिती मिळते आणि व्यक्तीने ती काढून टाकली तर ती पुढे मिळत नाही. सार्वजनिक झालेली माहिती कोणी उतरवून घेणारच नाही, अशी हमी याही रचनेत नाही. मात्र शेकडो लेखांच्या नोंदींत ती विखुरण्यापेक्षा धोका निश्चितच कमी होतो.

९. मराठीचा संदर्भ

इंग्रजीत लिंग प्रामुख्याने सर्वनामात दिसते. मराठीत ते विशेषणात, षष्ठीच्या प्रत्ययात आणि क्रियापदातही उमटते. ‘ते नाशिकचे आहेत’ आणि ‘त्या नाशिकच्या आहेत’ या वाक्यांत सर्वनाम गाळले तरी प्रत्यय लिंग सांगतोच. इतकेच नव्हे, तर प्रथम पुरुषातही ‘मी लिहितो’ आणि ‘मी लिहिते’ असा भेद होतो. मनोगत लिहिणाऱ्या व्यक्तीला आपले व्याकरणिक लिंग निवडावेच लागते. हिंदीत ‘वह’ हे सर्वनाम समान असले तरी क्रियापद भेद करते. बंगालीत सर्वनाम व क्रियापद दोन्ही लिंगनिरपेक्ष आहेत. कोंकणीत तरुण मुलीविषयी नपुंसकलिंगी ‘तें’ वापरण्याची रीत आहे. तेथे व्याकरणिक लिंग वयाशी व जिव्हाळ्याशीही निगडित होते. यावरून असे दिसते की, ‘शी/हर’ ही इंग्रजी नोंद मराठीत आणताना तिचे यांत्रिक रूपांतर पुरेसे नाही. मराठीसाठी सर्वनामाबरोबर क्रियापदाचे रूपही सांगणे आवश्यक आहे.

तथापि मराठीच्या औपचारिक शैलीत एक सोयही आहे. विद्वत्लेखनात हयात लेखकांचा उल्लेख बहुधा आदरार्थी अनेकवचनात होतो आणि अनेकवचनाची सामान्यरूपे लिंगभेद करीत नाहीत. ‘त्याने’ व ‘तिने’ यांत भेद आहे, पण ‘त्यांनी’ हे सर्वांना समान आहे. त्यांना, त्यांचा, त्यांच्या मते, यांनी या रूपांचेही तसेच आहे. शिवाय सकर्मक क्रियापदाच्या भूतकाळी रूपात कर्त्याला ‘नी’ प्रत्यय लागतो आणि क्रियापद कर्माप्रमाणे चालते. ‘पाटील यांनी हा सिद्धांत मांडला’ या वाक्यात ‘मांडला’ हे रूप सिद्धांताचे लिंग सांगते. पाटील यांच्याविषयी ते काहीच सांगत नाही. वर्तमानकाळातील ‘पाटील म्हणतात’ आणि भविष्यकाळातील ‘पाटील स्पष्ट करतील’ ही रूपेही लिंगनिरपेक्ष आहेत. अडचण उरते ती ‘म्हणाले–म्हणाल्या’, ‘गेले–गेल्या’ यांसारख्या भूतकाळी रूपांत, ‘ते–त्या’ या प्रथमान्त सर्वनामांत आणि ‘लेखक–लेखिका’, ‘प्राध्यापक–प्राध्यापिका’ यांसारख्या नामयुग्मांत. यांपैकी पहिल्या दोन अडचणी वाक्यरचना बदलून टाळता येतात. ‘संशोधक’, ‘अभ्यासक’ ही नामे सर्वांसाठी वापरली जातात, ‘डॉ.’ व ‘प्रा.’ या उपाध्याही समान आहेत.

यातून एक महत्त्वाची गोष्ट हाती येते. ज्या माहितीवाचून काम भागते ती गोळा करण्याचे प्रयोजन उरत नाही. हवाल्यापुरता विचार केला तर मराठी अभ्यासकाला लेखकाचे सर्वनाम ठाऊक असण्याची गरज इंग्रजी अभ्यासकापेक्षा कमी आहे. चरित्रपर लेखन, परिसंवादातील परिचय, गौरवलेख किंवा मुलाखत यांत मात्र ती गरज पूर्णपणे उपस्थित होते. दीर्घ मजकुरात प्रत्येक वाक्य वळवून लिहिणे कृत्रिम होते आणि व्यक्तीचे व्यक्तित्वच त्यातून पुसले जाते. तेथे संबंधित व्यक्तीला विचारणे हाच सरळ मार्ग होय.

१०. सांख्यिकीय वापराविषयी इशारा

सर्वनामांच्या नोंदीचा एक अप्रत्यक्ष उपयोग सुचवला जातो, तो म्हणजे संशोधनातील स्त्री-पुरुष प्रमाणाचा अभ्यास. अशा अभ्यासांचे महत्त्व निर्विवाद आहे. ‘नेचर’मध्ये २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका व्यापक अभ्यासात २००८ ते २०१२ या काळातील सुमारे ५४ लाख लेखांच्या लेखकांचे लिंग त्यांच्या नावांवरून अनुमानित केले होते. ज्या ठिकाणी केवळ आद्याक्षरे आहेत किंवा नावे उभयलिंगी आहेत, तेथे ही पद्धत निरुपयोगी ठरते. सर्वनामांची नोंद ही उणीव भरून काढील, असे वाटणे साहजिक आहे.

परंतु ते दोन कारणांनी अयोग्य आहे. सर्वनाम हे लिंगओळखीचे खात्रीचे चिन्ह नव्हे, हा भेद वर सांगितलाच आहे. दुसरे असे की, ऐच्छिक रकाना भरणारे लेखक सर्व लेखकांचे प्रातिनिधिक नसतात. त्यामुळे निष्कर्ष एकांगी होतात. या कामासाठी वेगळा मार्ग आहे. ‘रॉयल सोसायटी ऑफ केमिस्ट्री’च्या पुढाकाराने २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रकाशकांच्या संयुक्त उपक्रमाने २०२२ मध्ये लेखक, समीक्षक व संपादक यांना विचारावयाचे प्रमाणित प्रश्न तयार केले. ही उत्तरे व्यक्ती स्वतः देते, ती गोपनीय राहतात आणि केवळ एकत्रित स्वरूपात वापरली जातात. सन्मानासाठी दिलेली माहिती मोजणीसाठी वळवणे हा दिलेल्या संमतीचा भंग ठरतो. माहिती ज्या विशिष्ट हेतूने दिली त्याच हेतूपुरती वापरावी, हे तत्त्व डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३ च्या संमतीविषयक तरतुदींतही आहे.

समीक्षणाच्या टप्प्याचाही येथे विचार हवा. ज्या नियतकालिकांत समीक्षकाला लेखकाचे नाव कळू दिले जात नाही, तेथे सर्वनामही कळता कामा नये. अन्यथा नाव झाकून लिंग उघडे ठेवल्यासारखे होईल.

११. निष्कर्ष

१) सर्वनामांच्या नोंदीमागील गरज खरी आहे. अंदाजाने केलेले उल्लेख चुकतात आणि यांत्रिक भाषांतरामुळे त्या चुका वेगाने पसरतात.
२) ही माहिती लेखाच्या कायमस्वरूपी मेटाडेटात गोठवणे हितावह नाही. तेथे तिच्यातील बदलच व्यक्तीची खासगी बाब उघड करतो.
३) तालिकीकरणातील लिंगनोंदीचा अनुभव असे दाखवतो की, दुसऱ्याने अंदाजाने भरलेला रकाना काही वर्षांनी रिकामा करावा लागतो.
४) सर्वनाम, व्याकरणिक लिंग व लिंगओळख यांच्या नोंदी परस्परांपासून स्वतंत्र असणे आवश्यक आहे.
५) मराठीत केवळ सर्वनाम पुरेसे नाही, परंतु आदरार्थी अनेकवचनामुळे हवाल्यापुरती ही माहिती अनेकदा अनावश्यकही ठरते.

१२. सूचना

महाविद्यालयीन व विद्यापीठीय नियतकालिकांना पुढील गोष्टी अल्प खर्चात करता येतील. लेखासोबतच्या माहितीपत्रकातील ‘श्री./श्रीमती/कु.’ हा सक्तीचा रकाना काढून टाकावा. त्याऐवजी, लेखकपरिचय छापला जाणार असेल तरच, ‘परिचयात आपला उल्लेख कसा करावा?’ असा ऐच्छिक प्रश्न विचारावा आणि ‘ते … आहेत/म्हणाले’, ‘त्या … आहेत/म्हणाल्या’, ‘सर्वनाम टाळून केवळ नाव’ व ‘अन्य’ असे पर्याय द्यावेत. रकाना रिकामा राहिल्यास कार्यालयाने तो स्वतः भरू नये. ऑर्किड क्रमांक मात्र आवर्जून मागावा. त्यामुळे नाव बदलले तरी लेखन विखुरत नाही. नावबदलाची विनंती कोणाकडे करावयाची व ती किती दिवसांत पूर्ण होईल, हे नियतकालिकाच्या नियमांत लिहावे. समीक्षकांना पाठवावयाच्या मजकुरातून लेखकपरिचय वगळावा. हवाला देताना ‘यांनी’, ‘यांच्या मते’ या रचनांना प्राधान्य द्यावे, अशी सूचना लेखकांसाठीच्या नियमांत अंतर्भूत करावी.

मेटाडेटाचे रकाने लहान असतात, पण कोणाविषयी कोणी काय लिहावे हे तेच ठरवतात. लेखकाच्या सर्वनामाचा रकाना लेखकाच्याच हाती राहिला तरच तो त्या व्यक्तीच्या सन्मानाचे साधन होईल.